चार फुटांच्या दोन बाजू

शिक्षक भरतीची यादी लागली आणि तिच्यात माझं नाव नव्हतं. यादी मी मोबाईलवर पाहिली, दोनदा वर-खाली सरकवली, मोबाईल उशीखाली ठेवला आणि गिरणीतून दळण आणायला गेले. पिठाचा डबा गरम होता. तो डोक्यावर घेऊन घरी आले आणि आईला म्हटलं, "न्हाई आलं." आई म्हणाली, "बरं." तिने पीठ चाळायला घेतलं. त्या दिवशी आमच्या घरात याहून जास्त बोलणं झालं नाही.

मी रडेन असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. पण रडू आलं नाही. त्यानंतरचे दीड-दोन महिने मला कशाचंच काही वाटलं नाही. भूक लागायची नाही, पण ताट समोर आलं की जेवून घ्यायचे. कुणी विनोद केला तर तो कळायचा, हसू यायचं नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढे जे झालं त्यात या सुन्नपणाचा वाटा आहे, म्हणून आधी सांगितलं.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. गणितात बी.एस्सी., मग बी.एड. आमचं गाव मंठ्याहून परतूरकडे जाताना लागतं. बाबा गवंडीकाम करतात. ते चौथीपर्यंत शिकले, पण वीट हातात घेतली की तिचं वजन आणि भाजणी सांगतात. मी शिकले ती त्यांच्यामुळे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंमुळे. बाईंनी मला स्वतःची कंपास पेटी दिली होती. तिच्यातला कोनमापक पितळी होता, वर्गात दुसऱ्या कुणाकडे तसा नव्हता. त्या बाई भेटल्या नसत्या तर मी दहावीनंतर कापूस वेचायला गेले असते, हे मी आजही विसरत नाही.

बाईंनी शिकवलेलं एक वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्रिकोणाचे तिन्ही कोन समान असले की तिन्ही बाजूही समान असतात. वाक्य खरं आहे. ते मी नको तिथे नेलं, हा बाईंचा दोष नाही.

यादी लागल्यानंतर मी मंठ्याला एका खाजगी शिकवणीत सकाळचे दोन तास घेत होते. दुपारी घरी यायचे. त्याच दिवसांत आमच्या वस्तीत विहारासमोरच्या पिंपळाला ओटा बांधायचं ठरलं. वैशाख पौर्णिमेला ओट्याचं उद्घाटन करायचं होतं. ओटा गोल करायचा की चौकोनी, यावर विहार समितीच्या दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत समितीचे अध्यक्ष म्हणाले की बुद्धांचा मार्ग आठ अंगांचा आहे, तर ओटाही आठ बाजूंचा करू. प्रत्येक बाजूला काळ्या ग्रॅनाइटची एक पट्टी, पट्टीवर एक अंग कोरलेलं. सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, असं सम्यक समाधीपर्यंत. लोक पिंपळाला फेरी मारतील आणि वाचत वाचत जातील.

अध्यक्ष तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं सगळ्यांना आवडलं. आमच्याच गल्लीतला एक जण जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला होता. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. तो म्हणाला, "पट्ट्या जालन्याहून मी कोरून आणतो. माप तेवढं पक्कं द्या."

ओट्याचं काम बाबांना मिळालं. वस्तीत त्यांनी आजवर भिंती, गिलावे, संडास, पायऱ्या बांधल्या होत्या. सगळ्यांनी पाहावं आणि याने बांधलं म्हणावं असं काम हे पहिलंच. ते घरी आले आणि मला म्हणाले, "माय, आठ कोपऱ्याचं काम मी कधी केलं न्हाई. गुण्या तर चौकोनाचाच असतो. कसं करावं?"

गुण्या म्हणजे काटकोन पाहायचं गवंड्याचं लोखंडी हत्यार. त्याने नव्वद अंशांचा कोपरा निघतो. आठ कोपऱ्यांच्या आकाराला त्याचा उपयोग नाही. मी सूत्र सांगायला लागले आणि बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. मग त्यांना अंगणात घेऊन गेले.

"बाबा, ओट्याच्या कडेकडेनं चालत जायचं. कोपरा आला की वळायचं. पूर्ण फेरी झाली की तोंड परत पहिल्या दिशेला येतं. म्हणजे सगळं मिळून एक पूर्ण वळण, तीनशे साठ अंश. ते आठ कोपऱ्यांत सारखं वाटायचं."

बाबा अंगणात खरंच चालले. चार पावलं, वळण. चार पावलं, वळण. आठव्या वळणानंतर त्यांचं तोंड पुन्हा न्हाणीकडे आलं. ते हसले. "मंग एका कोपऱ्याला किती?"

"पंचेचाळीस अंश वळायचं. आणि आतून मोजला तर कोन एकशे पस्तीस."

"मला अंश नको. लाकडात करून दे."

मी पितळी कोनमापकाने प्लायवुडच्या तुकड्यावर एकशे पस्तीसचा कोन आखला. सुताराने तो कापून दिला. बाबा त्याला फर्मा म्हणायचे. कोपऱ्यात फर्मा धरायचा, दोन्ही भिंतींना नीट टेकला की कोपरा बरोबर. एवढं सोपं केलं म्हणून बाबांनी चार लोकांना तो फर्मा दाखवला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला की नाही ते आठवत नाही.

मी एका कागदावर आकृती काढली. आठ बाजू, प्रत्येक पाच फूट. समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर बारा फुटांच्या किंचित वर. कागदाची एक प्रत बाबांना दिली, एक भाऊला. भाऊने ती मोबाईलवर फोटो काढून जालन्याला पाठवली. "आठी पट्ट्या पाच फूट," त्याने फोनवर मोठ्याने सांगितलं. "बिलकुल सारख्या."

पाया खोदायच्या दिवशी मी मंठ्याला शिकवणीत होते. पिंपळाच्या उत्तरेला विहाराचं दार आहे आणि दक्षिणेला वाट. त्या वाटेने शेताकडे ट्रॅक्टर जातात. बाबांनी दोरी लावली तेव्हा एक ट्रॅक्टरवाला थांबला आणि म्हणाला की एवढा ओटा आला तर ट्रॉली वळणार नाही. बाबांनी त्याच्याशी वाद घातला नाही. दक्षिणेकडची दोरी त्यांनी एक फूट आत घेतली, फर्मा लावून सगळे कोपरे पुन्हा जमवले आणि खोदायला लागले. मी दुपारी आले तेव्हा चर खोदून झाला होता. पुढच्या दोन दिवसांत भिंत गुडघ्याएवढी आली.

तिसऱ्या दिवशी बाबांनी मला बोलावलं. "वाटंकडून एक फूट आत घेतलंय, ट्रॉलीसाठी. फर्मा तर बराबर बसून राह्यला. तू एकडाव पाह्य."

मी फर्मा घेऊन फेरी मारली. आठही कोपऱ्यांत तो असा बसला की मधे कागद जाणार नाही. बाबांचा हात तेवढा चोख आहे. मी म्हटलं, "बराबर आहे."

"कोनाकोनी दोरी धरू का?"

चौकोनी खोली आखली की गवंडी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरतात, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत धरतात. दोन्ही दोऱ्या सारख्या भरल्या तर खोली सरळ. बाबांना तीच सवय. त्यांनी खिशातून दोरीचं रीळ काढलंसुद्धा होतं.

मी म्हटलं, "गरज न्हाई. आठी कोन सारखे आहेत म्हणजे बाजू सारख्याच असणार."

बाबांनी सुटलेली दोरी परत गुंडाळली. मग त्यांनी रीळ खिशात ठेवलं. मी घरी जाऊन पडून राहिले. त्या दिवसांत मी दुपारभर पडूनच असायचे.

त्या दिवशी दोरी धरली असती तर एक माप दुसऱ्यापेक्षा अर्ध्या फुटाहून जास्त भरलं असतं आणि चूक तिथेच कळली असती. भिंत गुडघ्याएवढीच होती. मी गणिताची पदवीधर होते आणि माझ्या हातात फर्मा होता. मी वळणं मोजली, पावलं मोजली नाहीत.

पट्ट्या पौर्णिमेच्या आठ दिवस आधी टेम्पोतून आल्या. भाऊ स्वतः बरोबर बसून आला होता. गवताच्या पेंढ्यांत गुंडाळलेल्या आठ काळ्या पट्ट्या, त्यांवर सोनेरी अक्षरं. सगळी वस्ती जमली. विहाराच्या दारासमोरच्या बाजूला सम्यक दृष्टी धरून पाहिली. तंतोतंत बसली. दुसरी, सम्यक संकल्प, तीही बसली. तिसरी, सम्यक वाचा, पूर्वेकडच्या बाजूला धरली आणि दोन्हीकडून अर्धा अर्धा फूट बाहेर आली.

कुणीतरी हसलं. भाऊने टेप मागवला. पूर्वेची बाजू चार फूट. मग सगळ्या बाजू मोजल्या. पाच, पाच, चार, पाच, पाच, पाच, चार, पाच. पूर्व आणि पश्चिम, समोरासमोरच्या दोन बाजू एकेक फूट कमी. बाकी सहा बरोबर.

मला त्याच क्षणी कळलं. दक्षिणेची बाजू जशीच्या तशी एक फूट उत्तरेला सरकली, तिच्या दोन्ही बाजूंच्या तिरप्या भिंतीही तिच्याबरोबर सरकल्या. दिशा कुणाचीच बदलली नाही, म्हणून एकही कोन बदलला नाही. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या दोन बाजूंनी तेवढा एक फूट गिळला. मनात आकृती अगदी स्वच्छ दिसली. वाटलं मात्र काहीच नाही.

भाऊ बाबांना म्हणाला, "मिस्तरी, हे काय करून ठेवलं? आता आठातली कोणती दोन अंगं लहान करायची, ते तरी सांगा."

"सम्यक आजीविका लहान कर," मागून कुणीतरी ओरडलं. "तसंही पोरांना काम कुठं हाय?"

लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, "हसायची गोष्ट न्हाई. आठ अंगांत मोठं-लहान नसतं. हे असं राहू देता येणार न्हाई."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर विहाराच्या आवारात बैठक झाली. मी बायकांमध्ये बसले होते. भाऊने सांगितलं की जालन्यात त्याच्या ओळखीचा ठेकेदार आहे, तो मशीन आणून दोन दिवसांत जुना ओटा पाडेल आणि नवा बांधेल. अध्यक्ष म्हणाले, वेळ कमी आहे, पण दुसरा मार्ग दिसत नाही. मग त्यांनी बाबांना विचारलं, "मिस्तरी, तुमचं काय म्हणणं हाय? हे झालं कसं?"

बाबा उभे राहिले. "चूक माझी. दोरी मी सरकवल्ती. ठेकेदार आणू नका. मीच पाडतो, मीच बांधतो."

"पोरगी मापं घेत होती न?" भाऊने विचारलं. "बी.एस्सी. झालेली?"

"तिचा काई संबंध न्हाई. तिनं फक्त लाकूड आखून दिलं. लाकूड बराबरच हाय."

मी बसले होते तिथेच बसून राहिले. तोंड उघडावं एवढंही वाटलं नाही. शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. बाबांना ओटा स्वतः पाडायची परवानगी मिळाली. पाच दिवसांत नवा उभा राहिला नाही तर ठेकेदार येणार होता, आणि मग त्या वस्तीत बाबांना पुन्हा कुणी पायरीसुद्धा बांधायला सांगितली नसती. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही.

घरी आल्यावर मी वही घेऊन बसले. सवय म्हणून. वाट हलणार नव्हती, आणि उत्तरेला सरकावं तर विहाराचं दार. म्हणजे ओट्याची रुंदी अकरा फुटांच्या जरा वर, त्याहून जास्त नाही. एवढ्या जागेत आठही बाजू सारख्या करायच्या तर प्रत्येक बाजू चार फूट सात इंच येते. म्हणजे ओटा पाडून नवा बांधला तरी दोन नव्हे, आठही पट्ट्या कापाव्या लागणार. आणि पूर्ण पाच फूट ठेवायच्या तर ओटा वाटेवर येणार. बाबा पाच दिवस राबून जे बांधणार होते ते पुन्हा चुकणारच होतं. हे मला दिसत होतं आणि वहीचं पान मी मिटून ठेवलं. आई म्हणाली, "जेव." मी जेवले.

सकाळी सातला घणाचा आवाज आला. मी चप्पल न घालता गेले. बाबा पश्चिमेच्या बाजूचा वरचा थर फोडत होते. दोन विटा खाली पडल्या होत्या. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिकवणीला न्हाई गेली?"

"बाबा, थांबा. पाडून उपयोग न्हाई."

त्यांनी घण खाली टेकवला. मी त्यांना चार फूट सात इंचांचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग मी म्हटलं, "आणि चूक माझी आहे. दोरी धरायला तुम्ही म्हटलं होतं. मी नको म्हटलं."

"मला ठाव हाय."

"मग काल काहून बोलले तसं?"

बाबांनी टॉवेलने मान पुसली. "तुझी यादी आत्ता लागली. लोक आधीच म्हणून राह्यले की एवढं शिकवून काय झालं. त्यात हे कशाला? माझं काय, मी गवंडी. गवंड्याची भिंत चुकते."

त्यावर मला काय वाटलं हे लिहायला मला आवडलं असतं. मी विटांकडे बघत उभी होते एवढंच आठवतं. विटांच्या आत मुंग्या होत्या. मग मी बाबांच्या हातातून घण घेतला आणि पिंपळाच्या बुंध्याला टेकवून ठेवला.

घणाचा आवाज थांबला म्हणून लोक यायला लागले. अध्यक्ष आले, हातात चहाचा कप घेऊनच. भाऊ ड्यूटीला निघाला होता, त्याने गाडी बंद केली. पिंपळाशेजारच्या घरातली मावशी तिच्या बाजेवर बसून सगळं बघत होती. ती ऐंशीच्या पुढची, सकाळी बाज बाहेर ओढून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी म्हणायची.

"काय झालं? पाडायचं रद्द?" भाऊने विचारलं.

मी म्हटलं, "भाऊ, चूक बाबांची न्हाई. माझी आहे. मी फक्त कोन तपासले. मला वाटलं कोन सारखे म्हणजे बाजू सारख्या. त्रिकोणात तसं असतं. तीनपेक्षा जास्त बाजू आल्या की तसं नसतं."

"म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

मला फळा हवा होता. फळा नव्हता. मी मावशीच्या बाजेजवळ गेले. "मावशी, जरा उठता का?"

"मी काहून उठू? गणित तुझं चुकलं."

"बरं, बसा. ही बाज बघा सगळ्यांनी. चारी कोपरे कसे आहेत?"

"काटकोन," बाबा म्हणाले. "गुण्या बसतो."

"चारी कोन सारखे. मग बाज चौरस आहे का?"

 भाऊने बाजेची लांबी आणि रुंदी डोळ्यांनीच मोजली. "लांबट हाय," तो म्हणाला.

"लांबटच. चौरस बाज ओढून माणूस झोपेल अशी लांब केली, कोपरे तसेच राहिले. ओट्याचं तेच झालं, उलट्या बाजूने. दोन बाजू एकेक फूट कमी झाल्या, कोपरे तसेच राहिले. आणि याच्या उलटही होतं. चार सारख्या काड्यांची चौकट बांधली, तरी दाबली की कोपरे बदलतात. बाजू सारख्या, कोन न्हाई. ज्याचे कोनही सारखे आणि बाजूही सारख्या तो आकार पूर्ण सारखा. दोन्ही तपासावं लागतं. मी एकच तपासलं."

मावशीने बाजेच्या खुरावर हात आपटला. "मंग माझी बाज चुकली म्हण की! चाळीस वर्षं मी चुकीच्या बाजेवर झोपून राह्यले?"

लोक हसले, अध्यक्षही हसले. मी म्हटलं, "न्हाई मावशी, बाज बरोबर आहे. झोपायचं म्हणून ती लांबट केली. ओटा वाटेसाठी आखूड झाला. तो वाकडा न्हाई. बाबांचे आठी कोपरे बरोबर आहेत. चुकलं ते पट्ट्यांचं माप, आणि ते मी दिलं होतं."

मग मी अध्यक्षांना वही दाखवली. वाट सोडायची नसेल तर आठही पट्ट्या कापाव्या लागतील आणि सम्यक आजीविकेची अक्षरं पार कडेपर्यंत येतील. ओटा आहे तसा ठेवला तर फक्त दोन कापायच्या. आणि कोणत्या दोन, ते आपण ठरवायचं नाही, ते जागेनेच ठरवलंय. विहाराच्या दारासमोर दृष्टी ठेवून पिंपळ उजव्या हाताला धरून फेरी मारली की पूर्वेला वाचा येते आणि पश्चिमेला स्मृती. दोन्ही शब्द छोटे. दोन्ही पट्ट्यांवर अक्षरांच्या दोन्हीकडे मोकळी जागा आहे. अर्धा अर्धा फूट कापला तरी अक्षराला धक्का लागत नाही.

भाऊ म्हणाला, "म्हणजे अंग लहान न्हाई होणार, नुसती कोरी जागा जाणार."

"हो."

"हे काल काहून न्हाई बोलली, मास्तरीणबाई?"

"काल मला बोलता आलं न्हाई," मी म्हटलं. ते खरं होतं आणि त्याहून जास्त माझ्याकडे सांगण्यासारखं नव्हतं.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला आणि ओट्याला एक फेरी मारली. पूर्वेच्या बाजूशी थांबले, पश्चिमेच्या बाजूशी थांबले. परत येऊन म्हणाले, "मिस्तरी, फोडलेल्या दोन विटा बसवा."

बाबांनी सिमेंट कालवायला घेतलं.

पट्ट्या बाबांनी दुसऱ्या दिवशी स्वतः कापल्या. कटर भाऊने मिलमधल्या कुणाकडून तरी आणून दिला. पातं गरम होऊ नये म्हणून मी बाटलीने पाण्याची धार धरत होते. काळं पाणी माझ्या पायांवर येत होतं. सम्यक वाचाच्या पट्टीच्या दुसऱ्या कडेचा तुकडाही गळून पडला तेव्हा बाबांनी कटर बंद केला आणि टेप माझ्याकडे दिला. मी मोजलं. बरोबर चार फूट. मग मी ती पट्टी पालथ्या बाजूने, वरून, खालून, परत मोजली. बाबा थांबून राहिले. त्यांनी घाई केली नाही. दुपारपर्यंत दोन्ही पट्ट्या बसल्या आणि बाबांनी सांधे भरले.

पौर्णिमेला आसपासच्या दोन-तीन गावांहून लोक आले. पंचशील ध्वज लागला, वंदना झाली, खीर वाटली. भाषणात अध्यक्षांनी पट्ट्यांसाठी वर्गणी देणाऱ्यांची नावं घेतली. बाबांचं नाव घेतलं नाही. बाबा पिंपळाच्या सावलीत मागे उभे होते. त्यांना वाईट वाटलं असेल असं मला वाटलं, म्हणून मी त्यांच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं.

"पाडला न्हाई न," ते म्हणाले. "बस."

कार्यक्रम संपल्यावर लोक फेऱ्या मारत होते. परतूरहून आलेले एक गृहस्थ, कुठल्याशा हायस्कुलात शिक्षक, पूर्वेच्या बाजूशी थांबले. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग शेजारच्या पट्टीकडे. भाऊ त्यांच्याबरोबर होता.

"ही बाजू लहान दिसते," गृहस्थ म्हणाले.

"मुद्दाम केलीय सर," भाऊ म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहून डोळा बारीक केला. माझी बाजू सांभाळतोय असं त्याला वाटत होतं, आणि तो तेच करत होता. "डिझाइन हाय तसं. आमच्याकडं बी.एस्सी. मॅथ्सवाल्या हायेत."

ते सर माझ्याकडे वळले. मान हलवली असती तरी चाललं असतं. सगळ्यांना ते बरं वाटलं असतं, बाबांनाही.

"मुद्दाम न्हाई सर," मी म्हटलं. "चुकलं होतं. मी कोन तपासले आणि बाजू मोजल्या न्हाईत."

भाऊने कपाळावर हात मारला. सर थोडं हसले आणि म्हणाले, आमच्या शाळेत ही चूक मुलं दरवर्षी करतात. मग त्यांनी खाली वाकून कोपऱ्यावर तळहात ठेवला, दोन्ही भिंतींवरून फिरवला, आणि विचारलं की हे बांधलं कुणी.

बाबा दोन पावलं पुढे आले. त्यांनी हात टॉवेलला पुसले, जरी हात स्वच्छ होते.

"मी," ते म्हणाले. "कोपरे पाह्या सर. आठी पाह्या."

सर खरंच पुढच्या कोपऱ्याकडे गेले, आणि बाबा त्यांच्याबरोबर चालायला लागले. मी तिथेच उभी राहिले. बाबा तिसऱ्या कोपऱ्यावर वाकले तेव्हा मला भूक लागल्याचं कळलं. खीर उरली आहे का ते पाहायला मी विहाराकडे गेले.